पोटॅशियमचा आर्गॉन होतो, म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न : शाळेच्या सहलीत आम्ही वेरूळला गेलो होतो. कैलास लेण्यासमोर सर म्हणाले, हा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. कसं कळलं, असं मी विचारलं. तर म्हणाले, दगडातल्या पोटॅशियमचा आर्गॉन होतो, त्यावरून. पण एका मूलद्रव्याचं दुसरं मूलद्रव्य करता येत नाही, असं आम्ही शिकलो आहोत. मग पोटॅशियमचा आर्गॉन कसा होतो? आणि झालेला कळतो कसा?
(दहावीतली एक विद्यार्थिनी, सिडको, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुझ्याच पत्रातली दोन क्रियापदं बघ. तू शिकलीस ‘करता येत नाही’ आणि सर म्हणाले ‘होतो’. करणं वेगळं, होणं वेगळं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. तुझ्या वाक्यात फक्त ‘रासायनिक क्रियेने’ एवढं मनात धरायचं. जाळा, उकळा, कुटा, आम्लात बुडवा, पोटॅशियम पोटॅशियमच राहतं. कैलास लेण्याच्या भाषेत सांगायचं तर या सगळ्या उलाढाली अणूच्या सभामंडपात चालतात, गाभाऱ्यापर्यंत पोचत नाहीत.

अणूचा गाभारा म्हणजे अणुकेंद्रक. ते किती इवलंसं असतं याचा अंदाज घेऊ. पोटॅशियमच्या अणूचं केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं मानलं आणि तो दाणा आपल्या आमखास मैदानाच्या मधोमध ठेवला, तर इलेक्ट्रॉनांचा वावर त्याच्या चहूबाजूंनी शंभरेक मीटरपर्यंत असेल. लाकूड जळतं, लोखंड गंजतं, चुन्यात पाणी पडून तो फसफसतो, तेव्हा देवाणघेवाण होते ती अगदी कडेच्या इलेक्ट्रॉनांची. मधल्या दाण्याला त्याची खबरही नसते.

आणि मूलद्रव्याचं नाव ठरतं ते मात्र या दाण्यातल्या प्रोटॉनांच्या संख्येवरून. १८ प्रोटॉन असले की आर्गॉन, १९ असले की पोटॅशियम, २० असले की कॅल्शियम. न्यूट्रॉन कमीजास्त झाले तर अणूचं वजन बदलतं, नाव नाही. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा लाख अणूंमागे साधारण ११७ अणूंत १९ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन असतात. बेरीज ४०, म्हणून त्यांना पोटॅशियम-४० म्हणतात. आपली सगळी गोष्ट या ११७ जणांची आहे. बाकीच्यांना काहीही होत नाही.

या ११७ जणांचं दुखणं असं. प्रोटॉनाला प्रोटॉनाची आणि न्यूट्रॉनाला न्यूट्रॉनाची जोडी मिळाली की केंद्रक जास्त घट्ट बांधलं जातं. इथे १९ विषम आणि २१ही विषम, म्हणजे दोन्हीकडे एकेक जण बिनजोडीचा. एका कणाने बाजू बदलली की दोन्ही आकडे एकदम सम होतात : २० आणि २० तरी, नाहीतर १८ आणि २२ तरी. पोटॅशियम-४० ला या दोन्ही वाटा मोकळ्या आहेत आणि ते दोन्ही वाटांनी जातं.

पहिली वाट पुढची. केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होतो. त्या क्षणी एक इलेक्ट्रॉन तयार होऊन प्रचंड वेगाने बाहेर पडतो. यालाच बीटा किरण म्हणतात. त्याच्यासोबत अँटिन्यूट्रिनो नावाचा, जवळजवळ कशालाच न अडणारा कणही निघून जातो. प्रोटॉन झाले २०, म्हणजे हा अणू आता कॅल्शियम. दर शंभरातले ८९ अणू याच वाटेने जातात.

दुसरी वाट मागची. केंद्रक आपल्याच अणूतला, अगदी आतल्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि एका प्रोटॉनाचा न्यूट्रॉन होतो. प्रोटॉन उरले १८, म्हणजे हा अणू आता आर्गॉन. उरलेली ऊर्जा बहुतेक वेळा गॅमा किरणाच्या रूपाने बाहेर पडते. शंभरातले ११ अणू या वाटेने जातात. तुझे सर ज्याच्याबद्दल बोलत होते ते हेच.

युरेनियमसारख्या अवजड केंद्रकांना तिसरी वाटही असते. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचं एक गाठोडं, म्हणजे अल्फा कण, बाहेर टाकायचं आणि आवर्तसारणीत दोन घरं मागे यायचं. युरेनियम-२३८ असं आठ वेळा करतं आणि मधूनमधून सहा वेळा बीटा किरण सोडून एकेक घर पुढे येतं. ९२ मधून १६ वजा केले, ६ मिळवले, उरले ८२. म्हणजे शिसं. तिथे हा प्रवास थांबतो. नुसता गॅमा किरण बाहेर पडला तर मात्र नाव बदलत नाही, कारण प्रोटॉनांची मोजणी तीच राहते.

आता हे घडतं कधी? कुठल्याही एका अणूबद्दल हे सांगता येत नाही. तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटताना पुढची कुठली फुटेल ते सांगता येत नाही, तसंच. फरक एवढाच की इथे तवाही नाही आणि जाळही नाही. शिवाय अणू म्हातारा होत नाही. अब्जावधी वर्षं थांबलेला पोटॅशियम-४० चा अणू आणि काल तयार झालेला अणू, दोघांना पुढच्या वर्षी बदलण्याची शक्यता अगदी सारखी. पण अणूंची संख्या अफाट असली की एकूण जमावाचा हिशेब चोख लागतो. पोटॅशियम-४० चे निम्मे अणू बदलायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. त्याला अर्धायुष्य म्हणतात. उन्हाने, थंडीने, दाबाने हा वेग मोजता येईल इतका बदलत नाही. कुणाच्या हाताने चालत नाही आणि कुणाच्या हाताने थांबत नाही, म्हणूनच हे घड्याळ विश्वासाचं.

पण घड्याळ सुरू कधी झालं ते माहीत असावं लागतं. दख्खनच्या पठाराचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हा लाव्हा थिजून झालेला आहे. लाव्हा हजार अंशांहून जास्त तापलेला असतो. आर्गॉन हा कुणाशीही संयोग न करणारा वायू, त्यामुळे पातळ लाव्ह्यातून तो निसटून जातो. लाव्हा थिजला, स्फटिक बांधले गेले, की आर्गॉनाची पाटी कोरी. त्यानंतर स्फटिकात जन्मलेला आर्गॉन मात्र आतच कोंडून पडतो.

सरांचा आकडा थोडा पुढे सरकवू. दख्खनच्या लाव्ह्याचं वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. हे अर्धायुष्याच्या मानाने फार थोडं आहे. लाव्हा थिजताना पोटॅशियम-४० चे १००० अणू होते असं धर, तर आज त्यातले ९६४ जसेच्या तसे आहेत. बदलले फक्त ३६. त्यातले ३२ कॅल्शियम झाले आणि ४ आर्गॉन.

मग चाराच्या मागे का लागायचं? बत्तीस कॅल्शियम का मोजत नाहीत? कारण बेसाल्टमध्ये कॅल्शियम मुळातच खच्चून भरलेलं असतं. पंढरपूरच्या वारीत शिरलेले बत्तीस वारकरी कसे ओळखणार? आर्गॉनाला त्या स्फटिकात राहण्याचं दुसरं कारणच नाही, म्हणून तो सापडला की कुठून आला ते कळतं.

चार म्हणजे फार कमी वाटतात ना? एक ग्रॅम दगड घेऊ आणि त्यात तीन मिलिग्रॅम पोटॅशियम आहे असं धरू. त्या एवढ्याशा खड्यात दर दीड-पावणेदोन मिनिटांनी आर्गॉनचा एक नवा अणू तयार होतो. ६ कोटी ६० लाख वर्षांत ते साठून सुमारे २० लाख कोटी अणू होतात. सगळा वायू गोळा केला तरी एका घन सेंटिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढाही भरणार नाही, पण मोजणाऱ्या यंत्राला तो पुरतो. निर्वात पेटीत खडा तापवायचा, सुटलेला वायू वस्तुमान-वर्णपटमापकात सोडायचा आणि वजनाप्रमाणे अणू वेगळे करून मोजायचे. हवेतला आर्गॉनही त्यात घुसलेला असतो. पण हवेत आर्गॉन-४० हा आर्गॉन-३६ च्या सुमारे २९८ पट असतो, हे प्रमाण पक्कं ठाऊक आहे. म्हणून आर्गॉन-३६ मोजून हवेचा वाटा वजा करता येतो.

आता यातली गंमत. त्याच खड्यात पोटॅशियम किती आहे हेही कळायला हवं. त्यासाठी खडा आधी अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने साध्या पोटॅशियम-३९ पैकी काहींचा आर्गॉन-३९ होतो. मग एकाच वायूत दोन आर्गॉन मिळतात : ३९ वजनाचा सांगतो पोटॅशियम किती होतं, आणि ४० वजनाचा सांगतो किती काळ गेला. म्हणजे आपोआप ‘झालेला’ आर्गॉन मोजायला थोडा आर्गॉन ‘करावा’ लागतो. न्यूट्रॉनावर विद्युतभार नसल्यामुळे त्याला गाभाऱ्यात शिरता येतं. आगीला ते जमत नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईत या पद्धतीची प्रयोगशाळा आहे.

जुन्या मोजण्यांमध्ये दख्खनच्या दगडांची वयं बरीच विखुरलेली यायची. याचं एक कारण आपल्या पायाखालीच आहे. काळा दगड झिजून, कुजून मुरूम होतो आणि कोंडलेला आर्गॉन गळून जातो. तसा नमुना घेतला तर वय कमी निघतं. १९८८ मध्ये डंकन आणि पाइल यांनी आर्गॉनच्याच नव्या पद्धतीने मोजून दाखवलं की हा सगळा उद्रेक भूशास्त्राच्या हिशेबाने झटपट, आणि डायनोसॉर नाहीसे झाले त्या सुमारास झाला. पुढे २०१५ मध्ये एका वेगळ्याच घड्याळाने तपासणी झाली. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ब्लेअर शोनी यांच्या गटात अमरावती विद्यापीठातले सय्यद खाद्रीही होते. लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडणाऱ्या झिरकॉन या खनिजाचे कण त्यांनी तपासले. झिरकॉन तयार होताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला दाराबाहेर ठेवतो. म्हणून नंतर आत सापडणारं शिसं म्हणजे युरेनियमचंच झालेलं. या घड्याळानेही तोच काळ दाखवला. दोन घड्याळं, दोन वेगळे वेग, दोन वेगळी मूलद्रव्यं, आणि वेळ एकच. सरांच्या वाक्याला आधार आहे तो असा.

प्रश्न : कैलास लेणं राष्ट्रकूटांच्या काळात कोरलं. मग याच पद्धतीने लेण्याचं वय का काढत नाहीत?
(एक निवृत्त शिक्षक, खुलताबाद)

उत्तर : छिन्नीचा घाव या घड्याळाला ऐकू येत नाही म्हणून. दगड कोरल्याने त्याचा आकार बदलतो, पण स्फटिकात कोंडलेला आर्गॉन जागचा हलत नाही. काटे शून्यावर आणायचे तर दगड वितळावा लागतो किंवा बराच काळ खूप तापावा लागतो. शिवाय बाराशे-साडेबाराशे वर्षं म्हणजे १२५ कोटींच्या अर्धायुष्यापुढे डोळ्याची पापणीही लवत नाही.

काटे शून्यावर आणणारा घाव बघायचा तर लोणारला जायला हवं. तिथे अवकाशातून आलेला पाषाण याच काळ्या दगडावर आदळला आणि दगड वितळला. त्या वितळून थिजलेल्या दगडाचं आर्गॉन पद्धतीने काढलेलं वय २०११ मध्ये प्रसिद्ध झालं : ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडे किंवा तिकडे. त्याआधी उष्मादीप्ती या दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं असं उत्तर आलं होतं. दहापटीहून जास्त फरक. यात आर्गॉन पद्धतीची एक अडचण समजून घ्यावी. आघाताचं वितळणं झटपट उरकतं, त्यामुळे मूळ दगडातला जुना आर्गॉन सगळा बाहेर पडतोच असं नाही. तो शोधून वजा केला नाही तर वय फुगतं. घड्याळ प्रामाणिक असलं तरी ते शून्यावर आलं होतं का, हे माणसालाच बघावं लागतं.

लेण्यासाठी आपल्याला माणसांचेच पुरावे लागतात. राष्ट्रकूट कर्कराजाच्या बडोदे ताम्रपटात, म्हणजे इ. स. ८१२च्या सुमारास, एलापूरच्या (म्हणजे वेरूळच्या) अद्भुत देवालयाचा संबंध कृष्णराजाशी जोडलेला आहे. आणि किरणोत्सारी घड्याळच हवं असेल तर दगडाऐवजी गिलाव्याकडे वळावं. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते, हे राजदेव सिंह आणि आपल्या मराठवाडा विद्यापीठातले मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये मांडलं. झाड जिवंत असताना हवेतला कार्बन-१४ घेत राहतं. कापल्यावर ही आवक थांबते आणि आतल्या कार्बन-१४ चा बीटा किरण सोडत नायट्रोजन होत जातो. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, म्हणजे माणसाच्या इतिहासाला साजेसं. एकाच भिंतीवर दोन घड्याळं असू शकतात. दगडातलं लाव्हा कधी थिजला ते सांगतं, गिलाव्यातलं झाड कधी कापलं ते.

प्रश्न : आमचा जुना वाडा काळ्या दगडाचा आहे. दगडात असं काही सतत चालत असेल तर राहायला धोका नाही ना?
(एक वाचक, शहागंज)

उत्तर : निर्धास्त राहा. बेसाल्ट हा पोटॅशियम, युरेनियम, थोरियम या बाबतीत गरीब दगड आहे. नव्या फ्लॅटमधल्या ग्रॅनाइटच्या ओट्यात साधारणपणे तुमच्या वाड्याच्या दगडापेक्षा ही मूलद्रव्यं जास्त असतात, आणि तिथेही लोक सुखाने स्वयंपाक करतात.

शिवाय दगडाचं कशाला, स्वतःचंच बघा. जळगावच्या एका मध्यम केळ्यात दर सेकंदाला बारा-तेरा पोटॅशियम-४० चे अणू बदलतात. तुमच्या शरीरात एकूण सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम आहे. ते नसेल तर स्नायू हलणार नाहीत आणि हृदयाचा ठोकाही पडणार नाही. त्यात दर सेकंदाला चार हजारांहून जास्त अणू बदलतात. बहुतेकांचं कॅल्शियम होतं, चारएकशे जणांचा आर्गॉन. जास्त केळी खाल्ली म्हणून हा आकडा चढत नाही, कारण मूत्रपिंडं जादा पोटॅशियम बाहेर काढून टाकतात. माणूस पहिल्यापासून असाच जगत आला आहे.

आपण जो श्वास घेतो त्यातही सुमारे एक टक्का आर्गॉन असतो. हा जवळजवळ सगळा आर्गॉन-४०, म्हणजे कधी काळी पृथ्वीच्या पोटातलं पोटॅशियम होता. जमिनीतून, लाव्ह्यातून, झिजणाऱ्या मुरमातून सुटत सुटत तो हवेत साठला. तुमच्या वाड्याच्या दगडानेही त्यात आपली चिमूट टाकली असेल.

प्रश्न : मूलद्रव्य बदलतं हे खरं असेल, तर पाऱ्याचं सोनं करण्याची जुनी गोष्टही खरीच म्हणायची का?
(एक वाचक, सराफा)

उत्तर : आपल्या दुकानात बसून हा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर ऐकून मात्र धंदा बदलू नका.

पाऱ्याचा क्रमांक ८०, सोन्याचा ७९. एकच घर मागे यायचं. पाऱ्याचा पारा-१९७ नावाचा प्रकार पोटॅशियमसारखाच आपल्या आतला एक इलेक्ट्रॉन गिळतो आणि त्याचं सोनं होतं, अगदी आपण विकता तेच टिकाऊ सोनं. अर्धायुष्य फक्त ६४ तास. अडचण एवढीच की हा पारा निसर्गात मिळत नाही. नेहमीच्या पाऱ्यात हजारातले जेमतेम दीड अणू पारा-१९६ चे असतात. त्यांना अणुभट्टीत एकेक न्यूट्रॉन द्यावा, तर तो तयार होतो. मग वाट बघायची आणि शेवटी पाऱ्याच्या ढिगातून सोन्याचे ते मोजके अणू वेचायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशातली गत.

आपल्याकडच्या रसशास्त्रात पारा शुद्ध करण्याच्या, बांधण्याच्या कितीतरी बारीक क्रिया सांगितलेल्या आहेत. त्यांतून औषधं निघाली, भट्ट्यांची आणि मुशींची विद्या वाढली. पण भट्टी कितीही फुंकली तरी तिची धग कडेच्या इलेक्ट्रॉनांना लागायची. केंद्रकातल्या एका बदलात, एका अणूमागे, जळण्याच्या क्रियेपेक्षा लाखोपट ऊर्जेची उलाढाल होते. ती भात्याने पुरवता येत नाही.

हा बदल पहिल्यांदा ओळखला रदरफर्ड आणि सॉडी यांनी, कॅनडातल्या माँट्रियल शहरात, १९०१-०२ च्या सुमारास. थोरियममधून एक वायू सतत निघत होता. सॉडींनी तपासला तर तो आर्गॉनच्याच कुळातला, कशाशीही संयोग न करणारा. कुणी काही न करता थोरियमचं दुसरंच काहीतरी होत होतं. सॉडी पुढे सांगत की आपल्या तोंडून किमयागारांचा शब्द गेला, तेव्हा रदरफर्ड यांनी आवरलं : हे नाव घेतलं तर लोक आपल्यालाही त्याच रांगेत बसवतील. पुढे १९०८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांना नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं.

किमयागारांची चूक मूलद्रव्य बदलतं असं मानण्यात नव्हती. ते आपल्या हाताने, आपल्या चुलीवर आणि आपल्या हयातीत बदलेल, असं त्यांना वाटलं. परीस लोखंडाला लागावा लागतो. वेरूळच्या दगडातल्या पोटॅशियमला कुणीच लागावं लागत नाही. आपण हे उत्तर वाचत असताना तिथल्या प्रत्येक ग्रॅम दगडात आर्गॉनच्या काही अणूंची भर पडली असेल.